गळ्यातली पुतळी

लग्नसराई आली की सोन्याचे पाणी दिलेल्या पितळी पुतळ्यांच्या माळा सराफ बाजारापासून आठवडे बाजारापर्यंत दिसू लागतात. आता तर पुतळीची कर्णफुले अन् बांगड्याही निघाल्या आहेत. आजीचा दागिना नातीच्या अंगावर परत आला, याचे कौतुकच वाटते. पण या चकतीला ‘पुतळी’ का म्हणतात बरे?

ही पुतळी मूळची इटलीतल्या व्हेनिस शहराची. तेथे १२८४ साली डुकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडू लागले. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकलेला नगराधिपती, दुसऱ्या बाजूस चांदण्यांच्या महिरपीत येशू ख्रिस्त. मिरी-मसाल्याच्या मोबदल्यात ही नाणी व्हेनिसहून इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात येत आणि पुढे समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्याला लागत. त्यांवरच्या आकृती पाहून आपल्या लोकांनी त्यांना सरळ ‘पुतळी’ म्हटले. सोने खात्रीचे, म्हणून ती गळ्यात ओवली. पुढे आपल्या सोनारांनीही पुतळ्या घडवल्या. त्यांवर लक्ष्मी आली, राम-सीता आली. व्हेनिसचे राज्य १७९७ साली बुडाले, पुतळी मात्र राहिली!

नाण्याचा दागिना करण्याची हौस याहूनही जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहनकाळची मातीची पदके सापडली आहेत. रोमन नाण्यांची ती नक्कल. गळ्यात घालण्यासाठी केलेली. तेव्हा नकली दागिना ही काही आजची टूम नव्हे.

आता मुद्द्याची गोष्ट. आमच्या घरची पुतळ्यांची माळ वडिलांनी विहिरीसाठी मोडली. नड होती, त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण त्या पुतळ्यांवर काय होते, ते कोणी पाहून ठेवले नाही. सोनाराने सोने जोखले, बाकीचे मुशीत गेले.

नाणे वाचले तर काय हाती लागते, ते आपल्या नाशिक जिल्ह्यानेच दाखवले आहे. १९०६ साली जोगळटेंभी येथे चांदीची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. ती नहपान राजाची. पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला! नहपानाचा पराभव झाला, याचा हा धडधडीत पुरावा. ती नाणी वितळली असती, तर नुसती चांदी उरली असती.

म्हणून, बायाबापड्यांनो, जुनी माळ मोडीत देण्याआधी पुतळीच्या दोन्ही बाजू भिंगाखाली पाहा. रोमन अक्षरे दिसली तर वजन करा, फोटो काढा, जाणकाराला दाखवा. नक्कलही पुष्कळ असते. पण ती कळण्यासाठीसुद्धा आधी पाहायला हवे. त्र्यंबकेश्वर रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था व तिचे संग्रहालय आहे. शेतात नांगराला काही लागले, तर मात्र ते वाटून घेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

आणि गुरुजी, मुलांना दागिना शाळेत आणायला सांगू नका. घरच्यांसमोर नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल हलकेच फिरवावी. ठसा कागदावर उमटतो. तेवढा ठसा आणवा. गरजेपोटी माळ उद्या मोडली, तरी तिची हकिगत वहीत शिल्लक राहील.