राजीनामा व फारखत

कोंकणांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत 'राजीनामा' या मथळ्याचा कागद निघाला म्हणजे घरच्या कोणी पूर्वजानें सरकारी चाकरी सोडल्याचा तो पुरावा होय, असा समज संग्राहक करून घेतात. हा समज बहुधा चुकीचा असतो. पेशवाईंतील राजीनामा म्हणजे वादी-प्रतिवादींनीं पंचांपुढें लिहून दिलेलें संमतिपत्र. पंच जो निवाडा करतील त्यास आम्ही राजी आहों, एवढाच त्याचा आशय. पुढें इंग्रजी अमलांत खातेदार जमीन सोडी तेव्हां तो राजीनामा देई, आणि ती जमीन घेणारा कबुलायत लिहून देई. चाकरी सोडण्याचा अर्थ या शब्दास त्यानंतर चिकटला. परंतु या सर्व अर्थांत एक गोष्ट समान आहे. राजीनामा हा लिहून देणाराच्या राजीखुषीचा कागद. समोरच्याचें कांहीं येणें असेल, तर तें त्यानें मिटत नाहीं. तें मिटल्याचा कागद समोरच्यानेंच द्यावा लागतो. त्यास फारखत किंवा फारखती म्हणतात.

अधिकार सुटलेल्या माणसाकडून त्याच्या कारकीर्दींतील वर्तनाचा जाब कसा व कोठपर्यंत घेतां येतो, या प्रश्नाचा उलगडा या दोन कागदांतील भेदानें पुष्कळसा होतो, असें आम्हांस वाटतें.

मामलेदार किंवा कमाविसदार नेमला जाई तेव्हां वसुलाचा कांहीं भाग त्यास आगाऊ भरावा लागे. ही रसद. अपेक्षित जमाखर्चाचा बेहेडा त्यास हुजुरांतून मिळे. त्याच्याजवळ फडणीस, मुजुमदार, दप्तरदार, चिटणीस इत्यादि दरकदार असत. ते सरकारचे नेमलेले. त्यांना दूर करण्याची मुखत्यारी मामलेदारास नसे. म्हणजे त्याच्या कारभाराचा पुरावा प्रथमपासूनच दुसऱ्याच्या हातचा असे. मामलत दूर झाली तरी हिशेब दूर होत नसे. झडती हुजूर फडांत जाई; मंजूर रकमा, नामंजूर रकमा, तसलमातीच्या रकमा निराळ्या काढल्या जात; सरकारचें त्याजकडे निघालें तर 'बाकी', त्याचें सरकाराकडे निघालें तर 'फाजील'. रसदेमुळें तो सरकारचा धनकोहि असे व ऋणकोहि. म्हणून हिशेब मिटावा ही गरज एकट्या सरकारची नव्हती. आपला पैसा सुटावा यासाठीं माजी मामलेदारहि फडाच्या पायऱ्या चढे. या युक्तीचें आम्हांस विशेष कौतुक वाटतें. धाकानें जें साधलें नसतें, तें अडकलेल्या पैशानें साधे.

अर्थात् या जाळ्यास भोंकें होतीं. एल्फिन्स्टननें १८१९ च्या अहवालांत मामलेदारांच्या चोरट्या प्राप्तीच्या वाटा नोंदल्या आहेत: दंड व फी यांसारखा अनिश्चित वसूल दडवून ठेवणें, दिलेल्या सुटीच्या रकमा फुगविणें, शिबंदीच्या खोट्या हजिऱ्या मांडणें, नेमणुकी परस्पर गिळणें. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं तर मामलती इजाऱ्यानें देण्याचा प्रघात बळावला. मक्त्याची रक्कम भरली कीं मधल्या हिशेबाची चौकशी करण्याचें प्रयोजनच सरकारास उरेना.

येथें संग्राहकांस एक सूचना करावयाची आहे. अशा कागदांत हिशेबाचें साल एक आणि कागदाची तारीख दुसरी असते. साल सुहूर सनाचें, मृगापासून मोजलेलें. तारीख छ देऊन चांद्र महिन्याची. हिशेबाच्या सालानंतर दोन-तीन वर्षांनीं तोच गृहस्थ त्याच मामलतीविषयीं लिहितांना दिसला म्हणजे तेव्हांहि तो अधिकारावरच होता असें मानूं नये. आधीं झडतीची फर्द शोधावी. सुभेदारांच्या याद्यांत एकाच वेळीं एकाच जागीं दोन अधिकारी दिसतात, त्यांतील एक पुष्कळदां जुना हिशेब मिटवीत बसलेला असतो. अशा फर्दा 'किरकोळ हिशेबी' म्हणून वेगळ्या टाकल्या जातात, याचें आम्हांस वाईट वाटतें.

तथापि फड पकडी तें पैशाचें पाप. त्यापलीकडचा गैरवर्तनाचा प्रकार खुद्द रत्नागिरीसच घडला आहे. सदाशिवरावभाऊंचा तोतया रत्नागिरीच्या किल्ल्यावर कैदेंत असतां सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे यानें १७७६ मध्यें त्यास मोकळें करून खरा भाऊ म्हणून उचलून धरलें, आणि कोंकणांतील कित्येक किल्ले तोतयाकडे गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस तोतयास पुण्यांत देहान्त शासन झालें. ज्यानें धनीच बदलला, त्याचा गुन्हा कोणत्या झडतींत बाकी म्हणून दाखवावयाचा?

इंग्रजी अमलांत जिल्ह्याचें ठाणें १८२२ त बाणकोटाहून रत्नागिरीस आलें. येथें कलेक्टर होऊन गेलेल्यांपैकीं आर्थर क्रॉफर्ड याचें नांव आमच्या वाचकांस त्याच्या कोंकणच्या दंतकथांच्या पुस्तकावरून ठाऊक असेल. कित्येकांच्या कपाटांत तें असेलहि. पुढें तो पुण्यास मध्यभागाचा कमिशनर झाला. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांसाठीं हणमंतराव नांवाच्या मध्यस्थामार्फत तो पैसे घेतो, असा बोभाटा झाल्यावर १८८८ त त्याची चौकशी झाली. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश विल्सन, तसेच क्विंटन व क्रॉसथ्वेट हे तिघे कमिशनर. आधार १८५० च्या ३७ व्या कायद्याचा. लांच घेतल्याचे आरोप शाबीत नाहींत, परंतु आपल्या हाताखालच्या मुलखांतील लोकांकडून कर्जें काढलीं हें खरें, असा निकाल झाला. मुंबई सरकारास तो सर्वस्वी पटला नाहीं. अखेर स्टेट सेक्रेटरीनें क्रॉफर्ड यास सेवेंतून दूर केलें.

हणमंतरावास फौजदारी कोर्टांत शिक्षा झाली. ज्या मामलेदारांनीं 'आम्हीं पैसे दिले' अशी साक्ष दिली, त्यांस सरकारनें अभयवचन दिलें होतें. तरी लांच देणारे मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीवर कसे राहतात, हा गिल्ला विलायतेपर्यंत गेला. शेवटीं १८८९ च्या १८ व्या कायद्यानें त्यांना दाव्यांपासून व खटल्यांपासून संरक्षण मिळालें, पण कित्येकांची चाकरी गेलीच. त्यांची बाजू घेऊन सरकारास त्याच्या वचनाची आठवण देणारांत जन्मानें रत्नागिरीचे असलेले टिळक पुढें होते. क्रॉफर्डच्या वांट्यास सेवेंतून जाणें आलें. इतर माणसें तेंच राजीनाम्यानें आपण होऊन मागून घेतात. त्याच्याकडून लोकांच्या पैशाची झडती कोणी घेतली नाहीं.

ज्या राज्याचे हे अधिकारी, त्या राज्यास माजी अधिकाऱ्यावर खटला चालविणें अपरिचित होतें असें नव्हे. वॉरन हेस्टिंग्ज १७८५ त गव्हर्नर जनरलचें पद सोडून मायदेशीं गेला, आणि त्याच्यावरील महाभियोग १७८८ पासून १७९५ पर्यंत पार्लमेंटापुढें चालला. तो निर्दोष सुटला. पण पद सोडलें म्हणून जाब संपला नाहीं.

स्वतंत्र हिंदुस्थानांत हा प्रश्न पुन्हां कोंकणच्याच एका गृहस्थावरून सर्वोच्च न्यायालयापुढें आला. मंडणगड तालुक्याच्या समोर, सावित्रीच्या खाडीपलीकडील आंबेत गांवचे बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनीं जानेवारी १९८२ त मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यांच्यावरील फिर्यादीस सरकारची पूर्वपरवानगी लागते कीं नाहीं, हा वाद होता. पांच न्यायाधीशांनीं फेब्रुवारी १९८४ त ठरविलें कीं, ज्या पदाचा दुरुपयोग केल्याचा आरोप आहे तें पद न्यायालय फिर्यादीची दखल घेण्यापूर्वींच सुटलें असेल, तर परवानगीची जरुरी नाहीं. तें प्रकरण पुढें अनेक वर्षें चाललें व अंतुले यांच्यावर दोष शाबीत झाला नाहीं. परंतु राजीनामा हा आडोसा नव्हे, हें तत्त्व त्यांतून स्पष्ट झालें. २०१८ त लांचलुचपत प्रतिबंधक कायदा दुरुस्त झाला, आणि आरोपित कृत्याच्या वेळीं जो पदावर होता त्याच्यासाठींहि आतां पूर्वपरवानगी लागते. म्हणजे अधिकार सुटला तरी त्याचें कवच माणसाबरोबर घरीं जातें. ही दुरुस्ती आम्हांस रुचत नाहीं. निवृत्तिवेतनाच्या बाबतींत मात्र जुन्या रसदेची थोडी छाया उरली आहे: महाराष्ट्राच्या १९८२ च्या नियमांतील २७ व्या नियमान्वये माजी नोकराचें वेतन गैरवर्तनाबद्दल रोखतां येतें, परंतु विभागीय चौकशी निवृत्तीनंतर सुरू करावयाची तर प्रकरण चार वर्षांहून जुनें असतां कामा नये.

रत्नागिरी, दापोली, राजापूर या भागांतील ज्या घरांतून कमाविसदार अगर दरकदार होऊन गेले, त्या घरांच्या मालकांस आमची विनंती आहे कीं, मोडी हिशेबी फर्दा सनदापत्रांपासून वेगळ्या करूं नयेत, व रुमालांतील मूळ क्रम मोडूं नये. सनदेवरून नेमणूक कळते. कारभार कसा झाला व कधीं मिटला, तें त्या फर्दांवरूनच कळतें.