रात्रीचा नक्कलनवीस

१२ जून २०२३ रोजी भोपाळच्या सतपुडा भवनास लागलेली आग तिसऱ्या मजल्यावरून सहाव्या मजल्यापर्यंत चढली आणि हजारो सरकारी फायली भस्मसात झाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत अन्यत्र नसते, तो एकदा गेला की गेलाच. संगणकावरील दप्तराची स्थितीही याहून निराळी नाही. म्हणून सर्व्हरवरील, म्हणजे अनेकांचे दप्तर सांभाळणाऱ्या मध्यवर्ती संगणकावरील, माहितीची नक्कल रोज रात्री आपोआप दुसरीकडे उतरवून ठेवतात. तिलाच बॅकअप म्हणतात.

परंतु हा रात्रीचा नक्कलनवीस आपले काम नेहमीच पुरे करतो असे नाही. लिनक्स पद्धतीच्या सर्व्हरवर प्रत्येक फाइलीचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे सर्व यांना वाचण्याच्या, लिहिण्याच्या व चालविण्याच्या निरनिराळ्या परवानग्या असतात. दिवसा व्यवस्थापक स्वतः नक्कल काढतो तेव्हा ती निर्वेध निघते. रात्री तेच काम दुसऱ्याच खात्याच्या नावाने चालते आणि ‘परवानगी नाकारली’ असा शेरा मारून फाइल वगळली जाते. गंमत अशी की, फाइल वाचण्याची मुभा असूनही ती ज्या फोल्डरात आहे त्यात शिरण्याची मुभा नसेल, तरी हाच शेरा येतो. उतावळे लोक मग सर्वांना सर्व परवानग्या देऊन मोकळे होतात. एक किल्ली सापडेना म्हणून घराची सगळी दारे उघडी टाकावीत, तसाच हा प्रकार! त्यापेक्षा रात्रीच्याच खात्याने ते काम एकदा दिवसा चालवून पाहावे आणि जेथे अडेल तेवढ्यापुरतीच वाचण्याची मुभा द्यावी.

काम मध्येच कोसळण्याचे कारण बहुधा साधे असते. जुन्या नकला न काढल्यामुळे डिस्क भरलेली असते, किंवा कालची नक्कल संपण्यापूर्वीच आजची सुरू झालेली असते. अर्धवट राहिलेली फाइल वरवर पाहता पुऱ्या फाइलीसारखीच दिसते. म्हणून नक्कल आधी तात्पुरत्या नावाने लिहून, पुरी झाल्यावरच तिला खरे नाव द्यावे.

शेरा लिहिला जातो खरा. पण तो वाचतो कोण? ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याच्या हातून मुख्य सर्व्हरवरील माहिती चुकून पुसली गेली. बॅकअप पाहू जाता तो निघतच नव्हता असे आढळले. नक्कल काढणारे साधन जुन्या आवृत्तीचे असल्याने ते काम न करताच थांबत होते. तसे कळविणारे ई-मेलही निघत होते. परंतु ते पोहोचण्यापूर्वीच नाकारले जात होते. योगायोगाने सुमारे सहा तास आधी एकाने हाताने काढलेली नक्कल होती, तिच्यावरून काम सावरले. मधल्या सहा तासांतील नोंदी मात्र परत आल्या नाहीत.