कोचकडे कोण बघतं?

बी.पी.एड.च्या विद्यार्थ्यांना मैदानावर नेऊन 'आज कोचचं काम बघायचं' असं सांगावं, आणि दहा मिनिटांत सगळ्यांच्या नजरा खेळाडूंमागे धावू लागाव्यात, हे ठरलेलंच. तासाभराने विचारलं तर कुणी कसा सूर मारला ते घडाघडा सांगतील. कोच कुठे उभे होते, चुकलेल्या मुलीला नेमकं काय म्हणाले, कडेच्या चौघींशी एकदा तरी बोलले का, यावर सगळे गप्प. निरीक्षण वही मात्र भरलेली असते: 'तयारी चांगली. वर्गनियंत्रण उत्तम. आवाज खणखणीत.' हे शेरे कुठल्याही पाठाला चालतात, म्हणूनच ते एका वहीतून दुसऱ्या वहीत सुखाने उतरतात.

पाहिलेलं आठवतं, हीच मुळात समजूत. कॅनडात इयन फ्रँक्स आणि गॅरी मिलर यांनी १९८६ मध्ये प्रशिक्षकांना फुटबॉलचा खेळ दाखवून नंतर त्यातल्या घटना विचारल्या, तेव्हा बरोबर उत्तरं निम्म्याहूनही कमी निघाली. ज्यांचं कामच पाहण्याचं, त्यांची ही गत. पाच वर्षांनी याच दोघांनी प्रशिक्षकांना पाहायला आणि लक्षात ठेवायला कसं शिकवावं, यावर निबंध लिहिला. नजर तयार करावी लागते, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

या विषयातला सर्वांत गाजलेला अभ्यास बास्केटबॉलचा आहे. १९७४-७५ च्या हंगामात रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात जॉन वुडन यांचे पंधरा सराव बघत बसले. वुडन यांचा तो शेवटचा हंगाम. त्यात त्यांनी दहावं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. जोशपूर्ण भाषणं कानावर पडतील, अशी कुणाचीही अपेक्षा असती. मिळाल्या त्या तुटक, छोट्या सूचना. शिकवण्याच्या २,३२६ कृती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास सरळ सूचना होत्या, कौतुक ६.९ टक्के आणि नापसंती ६.६ टक्के. करून दाखवायचं झालं तर वुडन आधी बरोबर कृती दाखवत, मग खेळाडूने केली तशी चुकीची, आणि लगेच पुन्हा बरोबर. हा सगळा प्रकार बहुधा तीन सेकंदांच्या आत आटपे. रागावणं आणि त्याच दमात दुरुस्ती सांगणं, ही त्यांची सवय वर्गातल्या शिक्षकांसाठी बनवलेल्या कुठल्याच रकान्यात बसेना. तिच्यासाठी नवा रकाना आखावा लागला.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉन स्मिथ, फ्रँक स्मॉल आणि अर्ल हंट यांनी १९७७ मध्ये मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांसाठी बारा प्रकारांची नोंदपद्धत मांडली. आठ प्रकार मुलांच्या कृतीला मिळणाऱ्या प्रतिसादाचे, चार कोच आपणहून जे बोलतात त्याचे. निरीक्षकांना थेट मैदानावर सोडलं नव्हतं. आधी पुस्तिका, मग चित्रफितींवर सराव, लेखी परीक्षा, आणि नोंदी परस्परांशी जुळतात का याची तपासणी. त्यानंतर ५१ प्रशिक्षकांच्या ५७ हजारांहून जास्त कृती नोंदल्या गेल्या. टोचून बोलणं, शिक्षा करणं याचं प्रमाण त्यांत जेमतेम तीन टक्के, पण मुलांच्या मनातल्या नावडीशी सर्वांत घट्ट नातं त्याचंच निघालं. आणखी एक गंमत म्हणजे कोच स्वतःच्या वागण्याबद्दल जे सांगत, ते नोंदींशी फारसं जुळत नसे. मुलांचं सांगणं जास्त जुळे.

आता हेच आपल्या मैदानावर आणून बघू. समजा, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुलींचा खो-खोचा सराव चालला आहे. पाटीवर बसलेली एक मुलगी खो मिळण्याआधीच उठते. कोच म्हणतात, 'हात पाठीला लागू दे, मग ऊठ.' ही सूचना, वाद नाही. ती पुन्हा चुकते. 'कान आहेत की नाहीत?' हे रागावणं, इथेही वाद नाही. तिसऱ्यांदा कोच ओरडतात, 'परत तेच! टाच आधी उचलतेस तू, खो ऐकल्याशिवाय हलायचं नाही!' शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने रागावण्याखाली रेघ मारलेली असते, दुसरीने सूचनेखाली. इथे शिकवणाऱ्याने थांबावं. बरोबर उत्तर सांगून टाकण्यापेक्षा दोघांना भांडू द्यावं. आवाज चढला म्हणजे रागावणं, की मुलीला नवी माहिती मिळाली का हे बघायचं? दोन्ही असेल तर वेगळा रकाना आखायचा का? गॅलिमोर आणि थार्प यांच्यापुढचा पेच अर्ध्या तासात या दोघांपुढे आलेला असतो. शेवटी जुळलेल्या नोंदींना एकूण नोंदींनी भागायचं. चाळीसपैकी तीस जुळल्या तर ७५ टक्के, आणि ८० च्या आत असेल तर शेरा लिहायचा नाही, आधी व्याख्या नीट करायच्या.

गप्प बसणं नोंदायला मुलं हमखास विसरतात. १९८४ मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठात तयार झालेल्या नोंदपद्धतीत सूचना, प्रश्न, हात धरून शिकवणं, नावाने हाक मारणं यांच्याबरोबर मौनालाही जागा आहे. मुद्दाम न बोलता बघणारा कोच आणि मोबाइलमध्ये डोकं घातलेला कोच, दोघेही गप्पच. फरक करायचा तर डोळे कुठे आहेत हे पाहावं लागतं.

मोजणीची मर्यादा मात्र विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात दाखवायला हवी. त्यासाठी रमाकांत आचरेकर सरांइतकं सोयीचं उदाहरण नाही. सर २९ वर्षांत आपल्याला कधी 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, असं सचिन तेंडुलकरने नोव्हेंबर २०१३ मध्ये वानखेडेवर निरोपाच्या भाषणात सांगितलं. कौतुकाच्या रकान्यात सरळ शून्य! पण हेच सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद केलं तर ते गोलंदाजाचं, नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली. ते नाणं कुठल्या रकान्यात घालणार? वुडन यांच्या अभ्यासकांनाही हे उशिराने जाणवलं. २००४ मध्ये त्यांनी जुन्या नोंदींकडे परत वळून पाहिलं, वुडन यांना भेटले, आणि मैदानावरच्या त्या तुटक सूचनांमागची सरावाआधीची तयारी पुढे आली. वुडन सहायकांबरोबर तासन्‌तास बसून मिनिटामिनिटाचा आराखडा करत. प्रेक्षागारात बसून हे दिसणार कसं? म्हणून कोचच्या खिशातला कागद मागून घ्यावा, सरावानंतर त्यांना दोन प्रश्न विचारावेत, जमल्यास एखाद्या खेळाडूलाही.

प्रश्न विचारायचे म्हटलं की आपल्याकडे अडतं. पोरांनी सरांचं मूल्यमापन करायचं? तालमीत वस्तादांसमोर वही काढायची? संकोच मी समजू शकतो. पण पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ पासून प्रशिक्षक घडवते आहे, द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून दिला जातो, आणि तो मिळवणाऱ्यांच्या पहिल्या यादीत कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत आहेत. इतक्या वर्षांत कोचच्या कामाची पारख आपण बहुतेक पदकांवरूनच केली. शाळेच्या मैदानावर राबणाऱ्या कोचला पदक कुठलं? त्याचं काम कुणी बघितलंच नाही, तर चांगलं म्हणणार कोण?

महाविद्यालयांना याला खर्च नाही. वहीतल्या शेऱ्यांना गुण देणं बंद करावं आणि दोन विद्यार्थ्यांना एकाच सरावाची वीस मिनिटं वेगवेगळी नोंदायला लावावीत. कोचची परवानगी आधी घ्यावी, आणि नोंदी पहिल्यांदा त्यांनाच दाखवाव्यात. 'चांगलं', 'उत्तम' हे शब्द पहिले सहा आठवडे वहीत येऊ देऊ नयेत. येत्या जूनपासून एका बॅचवर तरी एवढं करून बघा.