बीडच्या पत्रांवरची निजामाची तिकिटे

बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १८६९ पासून या राज्याची स्वतःची टपाल तिकिटे होती, पण ती राज्याच्या हद्दीतच चालत. बीडहून दूरच्या हैदराबादला पत्र निजामाच्या तिकिटावर जाई; शेजारच्या अहमदनगरला मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचे तिकीट लागे!

१९३१ च्या मालिकेत १ आण्यावर चारमिनार, ८ आण्यांवर अजिंठा लेण्यांचे प्रवेशद्वार आणि १ रुपयावर दौलताबादचा मिनार होता. मराठवाड्याला जागा मिळाली, पण महागड्या तिकिटांवर.

१ एप्रिल १९५० ला ही सेवा भारतीय टपालात विलीन झाली. घरात असे जुने पाकीट सापडले तर तिकीट सोलून काढू नका. बीडचा शिक्का बहुधा अर्धा तिकिटावर, अर्धा कागदावर असतो. पत्र कुठून निघाले ते तोच सांगतो.