चुलीचा धूर आणि काकींचे सुजलेले पाय

हवेच्या प्रदूषणाचा विषय काढला की आमच्या सापगावातल्या बायका हसतात. "ते मुंबईला हो ताई, आपल्याकडे कुठलं प्रदूषण?" नदी आहे, झाडं आहेत, हवा मोकळी. खरं सांगायचं तर मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. शेजारच्या काकींचे पाय सुजायला लागले, तेव्हा माझे डोळे उघडले.

काकी पासष्टीच्या. जन्मात कधी विडी ओढली नाही. पण सकाळी उठल्या की खोकल्याची उबळ, हंडा घेऊन चार पावलं चाललं की धाप. घरचे म्हणाले, वय झालं. पाय सुजले तर जेवणातलं मीठ कमी केलं. एका दवाखान्यात विचारलं, "घरात कुणी सिगारेट ओढतं का?" नाही म्हटल्यावर चौकशी तिथंच संपली. चुलीचं कुणी विचारलंच नाही. पुढे मुलाने ठाण्याला नेलं, तिथे यंत्रात जोरात फुंकायला लावून फुप्फुसं तपासली, हृदयाची तपासणी झाली. फुप्फुसांना सीओपीडी आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण, असं निघालं.

"दुखणं छातीत, मग सूज पायाला कशी?" मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी समजावलं ते असं. हृदयाची उजवी बाजू रक्त फुप्फुसात ढकलते. वर्षानुवर्षांच्या धुराने फुप्फुसं खराब झाली की रक्त पुढे सरकवायला तिला जादा जोर लावावा लागतो. शेवटी ती थकते, आणि अंगात पाणी साठून पाय सुजतात.

घरी येऊन मी वाचायला बसले. मी आर्ट्सची, त्यामुळे शब्द अडत होते, पण एक नाव वाचून थांबलेच. डॉ. एस. पद्मावती, देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ. १९५९ साली त्यांनी दिल्लीतल्या नेमक्या याच आजाराच्या १२७ रुग्णांवर लेख लिहिला. परदेशात हा आजार मुख्यतः सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचा. इथे मात्र बायकाही जवळजवळ तेवढ्याच, आणि त्या तर विडी-सिगारेट ओढत नव्हत्या. मग कारण काय? त्यांनी बोट दाखवलं ते गोवऱ्या-लाकडांच्या धुराकडे. पद्मावतीबाई २०२० साली, १०३ वर्षांच्या होऊन गेल्या. इतक्या वर्षांपूर्वी एका बाईने सांगून ठेवलेलं आमच्या काकींपर्यंत पोचलंच नव्हतं!

दुसरं नाव आपल्या पुण्याचं, डॉ. संदीप साळवी. परदेशात शिकत असताना त्यांनी केलेला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. पंधरा धडधाकट माणसांना एक तास डिझेलचा विरळ केलेला धूर दिला, आणि दुसऱ्या वेळी स्वच्छ हवा. धुरानंतर काही तासांतच श्वासनलिकांना आतून सूज आल्याची चिन्हं दिसली, आणि रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशीही वाढलेल्या. एका तासात! आणि आपण भाकऱ्या थापायला किती तास बसतो? धूर डिझेलचा असो की लाकडाचा, त्यातले बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान. ते नाकात अडकत नाहीत, थेट खोल जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. मला वाटलं होतं, सगळे दम्या-खोकल्याने गेले असतील. पण त्यातले जवळजवळ एक तृतीयांश हृदयविकाराने गेले.

आता आपल्या भागाचं बघा. दिवाळी झाली की वीटभट्ट्या पेटतात, आणि कातकरी बायका तान्ही मुलं घेऊन भट्टीशेजारीच झोपडी बांधून राहतात. पावसाळ्याआधी शेतात राब भाजायचा. हल्ली त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्याही जातात, ते आधी थांबवा. राब बंद करा असं मी म्हणणार नाही, रोपाचं गणित शेतकऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण पेटवताना वाऱ्याकडे पाठ असावी, आणि पोरं लांब असावीत, एवढं तरी जमेल ना? रात्री खोली बंद करून मच्छर अगरबत्ती लावतो, तीही काही साधी नाही. २००३ च्या एका अभ्यासात एका अगरबत्तीतून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. मी घरात मच्छरदाणी बांधली. नवऱ्याने कुरकुर केली, आता सवय झाली.

गॅसचं मात्र मलाच ऐकून घ्यावं लागलं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा मंडळाच्या आम्ही बायकांनी घरोघर फिरून फॉर्म भरून घेतले. केवढा अभिमान वाटला होता! काम झालं असं समजून मी पुढच्या कामाला लागले. काकींच्या आजारपणात त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, तर सिलिंडरवर भरतकामाचं कापड घालून त्यावर डबे रचलेले. "पाव्हणे आले की लावतो. दर टायमाला एवढे पैसे कुठून आणायचे? लाकूड फुकट मिळतं." यावर काय बोलणार? मी फॉर्म मोजले, पुन्हा भरलेले सिलिंडर कधी मोजलेच नाहीत.

आता मंडळात आम्ही वेगळं विचारतो. गॅस आहे का, असं नाही, तर मागचा सिलिंडर कधी आणला? आणि चूल कुठे आहे? आंघोळीच्या पाण्याची चूल घराबाहेर पडवीच्या टोकाला नेली तरी घरातला बराचसा धूर जातो, त्याला पैसा लागत नाही. महिन्यांपासून खोकला असेल, दम लागत असेल, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगायचं, मी इतकी वर्षं चुलीपुढे बसते, फुंकायची तपासणी करता का? त्यांनी विचारायची वाट बघायची नाही.

काकी आता तोंडाने ओढायचा पंप घेतात. गेलेली फुप्फुसं परत येत नाहीत असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय, पण पायाची सूज उतरली आहे. परवा गेले तर सिलिंडरवरचं कापड काढलेलं, आणि चहा गॅसवर. भाकरीचं विचारलं, तर म्हणाल्या, "गॅसवरची भाकरी ह्यांना गोड लागत नाय." काका बाहेर ओटीवर बसले होते. आता त्यांच्याशी बोलायला हवं.