न वाचलेल्या शोधनिबंधांची पंधरा वर्षं

१९४९ साली सोलापुरातून 'यशस्तिलक अँड इंडियन कल्चर' हा भारदस्त इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. विषय दहाव्या शतकातल्या सोमदेवसूरींच्या संस्कृत चंपूकाव्याचा. लेखक आसामचे कृष्णकांत हंदिकी, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. आसामातल्या विद्वानाचा ग्रंथ गिरण्यांच्या गावातून निघाला, कारण त्या ग्रंथाला लागणारे संपादक इथल्या एका ग्रंथमालेकडे होते. जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती देऊन सोलापुरात जैन संस्कृती संरक्षक संघ उभा केला होता. संघाच्या जीवराज जैन ग्रंथमालेचं संपादन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन करत. 'तिलोयपण्णत्ति' या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग त्यांनी १९४३ मध्ये काढला, दुसरा १९५१ मध्ये. हस्तलिखितं कोणती, पाठभेद कोणते, कुठला पाठ का स्वीकारला, याचा हिशेब त्या काळचे असे संपादक वाचकापुढे मांडत. दोन भागांत आठ वर्षं गेली म्हणून कुणी त्यांचे गुण कापले नाहीत.

या गोष्टीला साठेक वर्षं झाली आणि देशभरातून सोलापूरच्या पत्त्यावर पुन्हा लेखन येऊ लागलं. या वेळी 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणाऱ्या, इंग्रजी नावाच्या मासिकांसाठी. शुल्क भरलं की निबंध छापून यायचा. अशा मासिकांची नावं इथे घेण्यात अर्थ नाही. तशी ती पुण्यातून, नांदेडातून, हैदराबादेतून, दिल्लीतूनही निघत होती. त्यांच्यासाठी गिऱ्हाईक कुणी तयार केलं, हे पाहणं जास्त उपयोगाचं आहे.

२०१०: गुणांचा तक्ता

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी स्थापन झालं. एकाच जिल्ह्यासाठीचं विद्यापीठ, आजचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. त्याआधी इथली महाविद्यालयं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. विद्यापीठ घराजवळ आलं, पीएच.डी.ची नोंदणी जवळ आली, आणि बार्शी, पंढरपूर, अकलूज, सांगोला, करमाळा इथल्या प्राध्यापकांना संशोधनाची वाट मोकळी झाली. हे चांगलंच झालं.

मग २०१० साली सहाव्या वेतन आयोगाच्या पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) नवी नियमावली आली आणि स्टाफरूममध्ये 'एपीआय' (शैक्षणिक कामगिरीचा निर्देशांक) हा शब्द शिरला. नेमणूक असो की 'कॅस' या योजनेतली पदोन्नती, संशोधनाचे गुण मोजले जाणार होते. परीक्षित नियतकालिकातल्या निबंधाला १५ गुण, अपरीक्षित पण आयएसएसएन क्रमांक असलेल्या नियतकालिकातल्या निबंधाला १०. नियतकालिकातल्या निबंधांचा इतरांनी सरासरी किती हवाला दिला ते सांगणारा इम्पॅक्ट फॅक्टर १ ते २ असेल तर वर आणखी १०, २ ते ५ असेल तर १५. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही २००९ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी परीक्षित नियतकालिकात एक निबंध छापून आणणं बंधनकारक केलं होतं.

पुढच्या सगळ्या प्रकाराची बीजं या तक्त्यात आहेत. आठवड्याला १६ तास शिकवायचं, परीक्षेची आणि नॅकच्या मूल्यांकनाची कामं करायची, ग्रंथालयात संशोधनाची साधनं तुटपुंजी, आणि वरिष्ठ श्रेणी मात्र निबंधांच्या संख्येवर. तक्ता निबंध मोजत होता. तो वाचून त्याची प्रत ठरवण्याचं काम त्यात कुणालाच दिलेलं नव्हतं.

आयएसएसएन हा नियतकालिकाच्या ओळखीचा क्रमांक आहे. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. गाडीची नंबरप्लेट पाहून गाडी कुणाची ते कळतं, ब्रेक लागतात की नाही ते कळत नाही, तसंच हे. पण नियमावलीने त्या क्रमांकालाच गुण जोडले, आणि मुखपृष्ठावर तो ठळक छापणं ही जाहिरात झाली. इम्पॅक्ट फॅक्टरचंही तेच. युजीन गारफिल्ड यांच्या संस्थेने उभी केलेली ही मोजणी आज क्लॅरिव्हेट ही कंपनी करते. इथे मात्र पैसे घेऊन कुठलाही आकडा देणाऱ्या भलत्याच संस्था निघाल्या. तक्त्यात १ च्या वर गेल्याशिवाय जादा गुण नव्हते, मग ज्याची त्याची मासिकं २ च्या वर, ३ च्या वर जाऊ लागली.

सेमिनारांचा हंगाम

पुढच्या काही वर्षांत एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्रांचा धडाका सुरू झाला. नोंदणी शुल्कातच दुपारचं जेवण, प्रमाणपत्र आणि आयएसएसएनवाल्या मासिकाचा विशेषांक. सकाळी उद्घाटन लांबायचं, दुपारी समांतर सत्रांत एकेकाला पाच मिनिटं मिळायची, आणि अनेकजण प्रमाणपत्र घेऊन चारच्या एसटीने परत जायचे. विशेषांकात पन्नास-साठ निबंध. त्यांचं परीक्षण कुणी केलं, असा प्रश्न विचारणं अशिष्ट मानलं जाई.

प्रकाशनाच्या नीतीचे नियम तोवर जगात नव्हते असं नाही. लंडनमध्ये वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी १९९७ सालीच 'कोप' ही समिती स्थापन केली होती. लेखक म्हणून नाव कुणाचं लागावं, हितसंबंध कसे जाहीर करावेत, चुकीचा निबंध मागे कसा घ्यावा, याची मार्गदर्शक तत्त्वं तिने घालून दिली. आपल्याकडे नेमके याच्या उलट प्रकार रूढ झाले. मार्गदर्शकाचं नाव आपोआप लागायचं. मित्राच्या निबंधात आपलं, आपल्या निबंधात मित्राचं. एकच निबंध शीर्षक बदलून दोन ठिकाणी. संपादक मंडळावर ज्यांचं नाव, त्यांना त्याचा पत्ताही नसायचा. यातली प्रत्येक गोष्ट चुकीची आहे हे सर्वांना ठाऊक होतं. पण ती करून कुणाचं काही बिघडत नव्हतं आणि न करणारा मागे पडत होता.

बाहेरून आरसा दाखवणारे आकडे लवकरच आले. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात जॉन बोहॅनन या पत्रकाराने आपला प्रयोग मांडला. उघड चुका पेरलेला बनावट निबंध त्याने ३०४ मुक्त (ओपन अ‍ॅक्सेस) नियतकालिकांना पाठवला होता. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांतली सर्वाधिक नियतकालिकं भारतात होती: इथल्या ६४ जणांनी होकार दिला, १५ जणांनी नकार. २०१५ साली शेन आणि ब्यॉर्क या अभ्यासकांनी हिशेब मांडला की शुल्क घेऊन न तपासता छापणाऱ्या अशा 'प्रिडेटरी' नियतकालिकांत २०१० मध्ये सुमारे ५३ हजार निबंध आले होते, २०१४ मध्ये ४ लाख २० हजार. आणि लेखकांपैकी सुमारे ३५ टक्के भारतीय होते. २०१० हे वर्ष आपल्या तक्त्याचंही आहे. सगळी वाढ त्या तक्त्याने केली असं नाही, पण भारतातली मागणी त्यानेच पोसली.

याद्यांचा काळ

आयोगाने उपाय काढला तो यादीचा. जानेवारी २०१७ मध्ये ३८,६५३ मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर झाली. नंतर विद्यापीठांनाही नावं सुचवता आली. कालपर्यंत बदनाम असलेली अनेक मासिकं या दाराने आत आली आणि 'यूजीसी अप्रूव्हड' असा शिक्का मिरवू लागली. ज्यांना हाकलायचं होतं त्यांनाच सरकारी मान्यता मिळाली.

ही गोष्ट उघड केली ती महाराष्ट्रातल्याच अभ्यासकांनी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांतून १,३३६ नियतकालिकं निवडून तपासली. संपादक कोण, पत्ता खरा का, शुल्क सांगितलं आहे का, इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा तर नाही, अशा साध्या कसोट्या. मार्च २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष आला: ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं हलक्या दर्जाची असू शकतात. २ मे २०१८ रोजी आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढली. आदल्या दिवशीपर्यंत ज्या मासिकातल्या निबंधावर बढती मिळणार होती, त्याच मासिकात दुसऱ्या दिवशी आलेला निबंध निरुपयोगी ठरला. मासिकात मात्र काहीच बदललेलं नव्हतं.

त्याच वर्षी वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम आले. १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ, पुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या, आणि पायरीप्रमाणे शिक्षा. इथेही मोजणीच. सॉफ्टवेअरला शब्द जुळलेले दिसतात, कल्पना उचललेली दिसत नाही. इंग्रजीतल्या लेखाचं मराठी रूपांतर करून आपलं म्हणून दिलं, तर यंत्र बहुधा गप्प बसतं. तो विषय जाणणारा वाचक पहिल्या पानावर पकडतो.

जून २०१९ मध्ये 'केअर' यादी आली, तिचं काम पुणे विद्यापीठातल्या केंद्राकडे. आधीच्या यादीपेक्षा ती किती तरी काटेकोर होती. पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा विषयही सक्तीचा झाला. पण मराठीत, कन्नडात, उर्दूत लिहिणाऱ्यांसाठी या दाराची रुंदी फार कमी होती, आणि सोलापूर तर या तिन्ही भाषांचं, शिवाय तेलुगूचं, शहर. वर्गणीदारांवर कशीबशी चालणाऱ्या मराठी नियतकालिकाचं नाव यादीत आलं की संपादकाकडे, कधी घाईचे तर कधी पैसे देऊ करणारे, फोन सुरू व्हायचे. दुसरीकडे यादीतल्या नावांची नकली संकेतस्थळं उभी राहिली. नाव तेच, क्रमांक तोच, पैसे जाणार भलत्याच खात्यात. केअरला अशा नकली नियतकालिकांची वेगळी यादी ठेवावी लागली.

यादीबाहेरचं ते वाईट आणि आतलं ते चांगलं, हा भरवसा परदेशातही टिकला नाही. हैदराबादच्या ओमिक्स कंपनीला २०१९ साली अमेरिकी न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा दणका दिला, तेव्हा दोष भारताचा वाटला. २०२३ मध्ये वायली या नामवंत प्रकाशकाच्या हिंदावी शाखेला आठ हजारांवर निबंध मागे घ्यावे लागले. ती नियतकालिकं तर जगभरच्या प्रतिष्ठित याद्यांत होती.

२०२५: जबाबदारी घरी

२०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही बंद झाल्याचं आयोगाने जाहीर केलं. आता नियतकालिक पारखायचं काम ज्या त्या संस्थेचं. मदतीला ३६ सुचवलेले निकष. अनेकांना हे अनाथ झाल्यासारखं वाटतं, आणि भीती खोटी नाही: यादी नसेल तर जुनी दुकानं पुन्हा उघडतील. महाविद्यालयाने ३६ निकषांचा फॉर्म छापून समोर खुणा करायच्या, एवढंच केलं तर नक्कीच उघडतील.

पंधरा वर्षांत आपण गुणतक्ता पाहिला, दोन याद्या पाहिल्या, साम्याची टक्केवारी पाहिली. प्रत्येक उपायाने निबंध वाचण्याचं काम टाळायची एक नवी सोय करून दिली, आणि बाजाराने प्रत्येक वेळी ती सोय विकायला काढली. म्हणून आता करायचं ते साधं आहे, फक्त वेळखाऊ आहे. बढतीसाठी वीस निबंधांची फाइल मागू नये. उमेदवाराला आपले सर्वांत चांगले दोन निबंध द्यायला सांगावेत, भाषा कोणतीही असो. त्या विषयातल्या दोघांनी ते पूर्ण वाचावेत. निबंधात नवं काय आहे, पुरावा पुरेसा आहे का, आधीच्या कामाचं ऋण मानलं आहे का, यावर प्रत्येकी अर्धं पान लिहावं आणि ते उमेदवाराला द्यावं. जिल्ह्याएवढ्या विद्यापीठाला हे अवघड नाही. इथे मराठीचे, इतिहासाचे, रसायनशास्त्राचे अभ्यासक एकमेकांना नावाने ओळखतात.

ओळखीचा तोटाही आहे, स्नेह आड येईल. म्हणून दोघांपैकी एक वाचक जिल्ह्याबाहेरचा असावा, आणि त्या अर्ध्या पानाखाली दोघांची नावानिशी सही असावी. यादीवर कुणा वाचकाची सही नव्हती. ती चुकली तेव्हा जाब विचारायला कुणी समोर नव्हतं.