नटाची पहिली दहा वर्षे

पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका रंगतात, तेव्हा प्रेक्षागृहातील आरोळ्यांनी छत दुमदुमून जाते. 1963 पासून चालत आलेल्या या स्पर्धेने मराठी रंगभूमीला अनेक नट दिले. परंतु पारितोषिक हाती घेऊन रंगमंचावरून उतरणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी सकाळी एका निराळ्याच प्रश्नाला तोंड द्यावे लागते. नाव होईपर्यंत पोट कसे भरायचे, हा तो प्रश्न. अभिनयाच्या गुणवत्तेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. त्या गुणवत्तेला पिकण्यासाठी लागणाऱ्या काळाचा खर्च कोण सोसतो, याची चर्चा मात्र क्वचितच होते.

मागील पिढ्यांतील नामवंतांची सुरुवातीची वर्षे पाहिली, तर या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट दिसते. निळू फुले पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होते आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून त्यांची जडणघडण होत होती. 'एक गाव बारा भानगडी' हा चित्रपट त्यांना मिळाला तो 1968 साली. अशोक सराफ स्टेट बँकेत नोकरीला होते. 1975 च्या 'पांडू हवालदार'ने त्यांचे नाव घरोघरी गेले, तोवर बँकेच्या पगारानेच त्यांच्या नाटकवेडाला आधार दिला. 1974 च्या 'रजनीगंधा'पूर्वी अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. अमरीश पुरी यांनी तर कर्मचारी राज्य विमा महामंडळात दोन दशकांहून अधिक काळ नोकरी केली आणि कचेरी सुटल्यावर ते तालमीला जात. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत होते. 1983 च्या 'टुरटुर'ने त्यांचे दैव उघडले.

वैद्यकीय व्यवसायातील मंडळींचीही कथा वेगळी नाही. डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक होते. पुण्यात व टांझानियात व्यवसाय केल्यावर, चाळिशी ओलांडल्यानंतर, 1969 साली 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकापासून त्यांनी पूर्णवेळ नट होण्याचे धाडस केले. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट' रंगमंचावर आले. डॉ. मोहन आगाशे यांनी 1972 च्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये नाना फडणवीस उभा केला, पण मानसोपचाराचा व्यवसाय सोडला नाही.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. मराठी रंगभूमीला खरा आश्रय दिला तो राजाने वा सावकाराने नव्हे, तर महिन्याच्या एक तारखेला मिळणाऱ्या पगाराने. 1969 साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, शाखा वाढल्या आणि मध्यमवर्गीय तरुणांना स्थिर नोकऱ्या मिळाल्या. सायंकाळी कचेरी सुटली की तालीम, सुटीच्या दिवशी प्रयोग, हे वेळापत्रक त्या नोकरीत बसत असे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 1974 पासून बहरलेली प्रायोगिक चळवळ मानधनावर जगू शकली नसती. नट पदरमोड करीत होते, आणि त्या पदराला गाठ होती ती नोकरीची. गिरणगावातील कामगार रंगभूमीचाही पाया असाच, गिरणीच्या मजुरीचा होता.

अर्थशास्त्राच्या भाषेत, अभिनय हा सोडतीसारखा व्यवसाय आहे. ॲडम स्मिथने 1776 साली वकिलीविषयी असा विचार मांडला होता की, ज्या व्यवसायात अनेक अपयशी होऊन एखादाच यशस्वी होतो, तेथे त्या एकाच्या प्राप्तीत इतरांचे नुकसान भरून निघायला हवे. प्रत्यक्षात ते निघत नाही. तरीही तरुण त्या वाटेने जातात, कारण प्रत्येकाला आपल्या नशिबावर नको तितका विश्वास असतो. नोकरीने या सोडतीचे तिकीट स्वस्त केले होते. नट म्हणून अपयश आले तरी माणूस उघडा पडत नव्हता. ज्यांची नावे कधीच जाहिरातीत झळकली नाहीत, असे शेकडो हौशी नट निवृत्तिवेतन घेऊन समाधानाने घरी बसले, हे त्या व्यवस्थेचे न मोजलेले यश होय.

ही व्यवस्था हळूहळू विरत गेली. 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. 1991 नंतर आर्थिक धोरण बदलले, संगणक आले, आणि 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना राबविली. जी नोकरी आज मिळते, ती बहुधा कंत्राटी असते आणि सायंकाळी सहाला सुटत नाही. दुसरीकडे दैनंदिन मालिकांनी कामाच्या संधी वाढविल्या हे खरे. पण बारा-बारा तासांचे चित्रीकरण असलेल्या कामाला दुसऱ्या नोकरीची जोड देता येत नाही. नांदेडहून वा कोल्हापुरातून आलेल्या तरुणाला गोरेगाव-मालाडच्या खोलीचे भाडे दरमहा भरावे लागते. मालिकेच्या कामाचे पैसे मात्र तीन महिन्यांनी हाती पडण्याची रीत रूढ आहे. याचा अर्थ, ज्याचे हातावर पोट आहे तो नवोदित नट निर्मात्याला तीन महिन्यांचे बिनव्याजी कर्ज देत असतो. 2020 साली टाळेबंदीत चित्रीकरण व नाट्यप्रयोग थांबले, तेव्हा या व्यवसायाखाली जमीनच नाही, हे सर्वांना दिसले.

याचा परिणाम केवळ काही तरुणांच्या हालांपुरता मर्यादित नाही. प्रतीक्षेचा खर्च ज्याच्या वडिलांना झेपतो, तोच पुढे टिकणार असेल, तर उद्याची रंगभूमी गुणवत्तेने नव्हे, ऐपतीने निवडली जाईल. माळीकाम करणारा एखादा निळू फुले आज कोणत्या वाटेने येईल?

उपाय अगदीच अशक्यप्राय नाहीत. चित्रपट कामगारांसाठी 1981 साली कायदा झाला व त्यात लेखी कराराचे तत्त्व आले. पण त्याचा रोख चित्रपटांवर होता. 2020 साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत मालिकांसह सर्व दृक्-श्राव्य कामगारांचा समावेश झाला. या तरतुदीची कसोशीने अंमलबजावणी व्हावी, मेहनताना महिन्याच्या महिन्याला मिळावा, आणि राज्य नाट्य स्पर्धेतून पुढे येणाऱ्यांना निदान वर्षा-दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

महाविद्यालयांचेही येथे कर्तव्य आहे. करंडक जिंकणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र सूचनाफलकावर लावताना, त्याला पदवी पुरी करण्याचा आग्रहही धरला पाहिजे. पदवीने नट घडत नाही, हे खरे. पण ताटात भाकरी असलेल्या नटाला भूमिका नाकारण्याचे स्वातंत्र्य असते. मागच्या पिढीच्या मोठेपणात या स्वातंत्र्याचा वाटा किती होता, हे टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांना कधी कळले नाही. निदान पुढच्या पिढीच्या पालकांना आणि राज्यकर्त्यांना ते कळायला हवे.